प्रेमलाबाई हव म्हणाल्या

प्रीतिभोजनाच्या दिवशी उजागरेंच्या घरात सकाळपासून कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

तसं हे दरवर्षीचंच होतं. रायपूरच्या बैरन बाजारातल्या या घराच्या अंगणात वर्षातून एकदा मांडव पडायचा, चर्चमधल्या उपासनेनंतर मराठी मंडळी जेवायला यायची, आणि महिला संघाच्या अध्यक्ष म्हणून प्रेमलाबाई ख्रिस्ती प्रीतीवर चार शब्द बोलायच्या. चार शब्दांना पाऊण तास लागायचा. त्यांच्या तयारीत प्रेमलाबाई सकाळपासून सुनेवर खेकसायच्या, सून भांडी आपटायची, आणि श्यामराव, म्हणजे प्रेमलाबाईंचे यजमान, रेल्वेतले निवृत्त गार्ड आणि मंडळीचे सर्वांत जुने पंच, मांडववाल्याला असे हातवारे करायचे की जणू मांडव फलाटावरून सुटायचा आहे.

"मटणात तिखट कोणी टाकलं?" प्रेमलाबाईंनी पळीतला रस्सा चाखून विचारलं.

"तुम्हीच," मंजिरी म्हणाली. "मी टाकलं असतं तं तुम्ही चाखायच्या आधीच ओळखलं असतं."

मंजिरी ही थोरल्या गौतमची बायको. सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि सासूचं भाषण तिला पाठ होतं. गौतम अंगणात खुर्च्यांची रांग सरळ करत होता. नवं राज्य झालं आणि तो भोपाळहून इथल्या मंत्रालयात आला, तेव्हापासून घरातही तो फाइल पुढे सरकवल्यासारखा बोलायचा. धाकटा नीलेश भनपुरीत ट्रकांच्या धंद्यात होता. नवी राजधानी म्हणजे सिमेंट, सिमेंट म्हणजे ट्रक. नीलेशचं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेला धाकटा भाऊ कोणत्या थोरल्याला सहन होतो? वरच्या मजल्यावर हक्क कोणाचा यावरून दोघं नाताळपासून एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर मध्ये गौतमची मुलगी अनुश्री होती.

"अनु, तुझ्या काकाले सांग, गाडी गेटासमोरून काढ."

"काका, पापा बोल रहे हैं गाड़ी हटाओ."

"त्याले सांग, पाळकसाहेब पायी येतात."

"पापा, काका बोल रहे हैं..."

"ऐकलं मी," गौतम म्हणाला.

अशा या प्रेमळ वातावरणात मंडळी जमली. पंगत बसली, पत्रावळींवर भात वाढून झाला, मटणाच्या वासानं लेकरं चुळबुळायला लागली, आणि प्रेमलाबाई उभ्या राहिल्या.

त्या बोलायच्या छान, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. आवाज नेमका कुठं भरून आणायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. "आपल्या दाराशी कोणी आलं की आपण पहिलं काय विचारतो? नाव विचारतो, गाव विचारतो. काहून विचारतो? दुखणाऱ्याचं दुखणं पाहा, नाव काय करायचं आहे? प्रीती नाव विचारत नाही, बहिणींनो. प्रीती दार उघडते." तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. भात गार होत होता त्याचंही दुःख त्यात असेल.

मग पाळकसाहेब उठले. ते तरुण होते, नगरकडचे, रायपूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. नवे असल्यामुळे त्यांचा असा समज होता की उपदेश ऐकून झाला की तो करायचा असतो.

"बाईंनी फार सुंदर सांगितलं," ते म्हणाले, "म्हणून मला धीर आला. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात मी आपल्या एका सभासदाला भेटायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर एक वयस्क बाई होत्या. मराठी. आपली जुनी गीतं इतकी गोड गात होत्या की मी थांबलो. पडून मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय. विधवा आहेत, मूलबाळ नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. डॉक्टर म्हणतात, दोनेक महिने तरी जिना चढायचा नाही. त्यांना खाली राहायला एक खोली आणि हाताशी एक माणूस हवं आहे. आपल्यापैकी कोण नेईल?"

मांडवात अशी शांतता पसरली की उपासनेतही पसरली नव्हती. प्रत्येकाला आपल्या पत्रावळीत काहीतरी निरखण्यासारखं सापडलं. एकाच्या घरी पाहुणे येणार होते. एकाच्या संडासाला पायऱ्या होत्या. एक बाई म्हणाली, आमच्याकडे कुत्रा आहे, आणि हे कारण पुरेसं आहे असं समजून खाली बसली.

तेव्हा संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई, ज्यांचा अध्यक्षपदावर बरीच वर्षं डोळा होता, गोड आवाजात म्हणाल्या, "अध्यक्षबाईंची खालची खोली तं रिकामीच आहे नं?"

सगळ्या माना प्रेमलाबाईंकडे वळल्या. प्रेमलाबाई अजून उभ्याच होत्या. आत्ताच प्रीतीनं दार उघडलं होतं, ते इतक्या लवकर लावता येण्यासारखं नव्हतं.

"हव," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आणा."

टाळ्या पडल्या. प्रेमलाबाईंनी मान किंचित झुकवून त्या घेतल्या. मग कुसुमबाईंनी विचारलं, "पण बाई कोण म्हणायच्या या?"

"इंदू महाडिक," पाळकसाहेब म्हणाले. "तात्यापाऱ्यात राहतात."

टाळ्या मध्येच राहिल्या. जुन्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तरुणांनी जुन्यांकडे. कुसुमबाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तो लपवायला त्यांना पाणी प्यावं लागलं. अन्नावर आशीर्वाद मागायचा मान दरवर्षी श्यामरावांचा. ते उठले आणि त्यांनी आयुष्यातली सर्वांत छोटी प्रार्थना केली.

"प्रभू, अन्नासाठी आभार. आमेन."

मग ते न जेवता घरात गेले.

*

मांडव रिकामा झाला, उरलेलं मटण झाकलं गेलं, आणि दुपारी सगळं घर स्वयंपाकघराला लागून असलेल्या मोठ्या खोलीत जमलं. मंजिरी दाराशी कांदे निवडत बसली. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसायचे.

"लेकिन ये इंदू महाडिक हैं कौन?" अनुश्रीनं विचारलं. "मेरे को कोई बताएगा?"

कोणी सांगेना. शेवटी मंजिरीनंच सांगितलं, सासू-सासऱ्यांसमोर, कांद्यावरची नजर न काढता. "तुझ्या आजोबांची सख्खी बहीण. तरुणपणी तिनं चारुदत्त महाडिकांशी लग्न केलं. ते हिंदू, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं असलेलं घराणं, पंडरीत कापडाचं दुकान. तर तुझ्या आजोबांनी मंडळीत उभं राहून सभासदांच्या यादीतून स्वतःच्या बहिणीचं नाव कमी करवलं. लग्नानंतर महाडिक पेढे घेऊन या गेटापर्यंत आले होते. गेट उघडलं नाही. गेल्या वर्षी ते वारले. तेव्हाही इथून कोणी गेलं नाही."

"मतलब यहीं रायपुर में थीं? इतने साल?"

"पायी गेलं तं वीस मिनिटं," मंजिरी म्हणाली.

अनुश्रीनं आजोबांकडे पाहिलं. श्यामराव खिडकीबाहेर, मांडवाचे बांबू सोडणाऱ्या माणसांकडे बघत होते. "ती या घरात पाय ठेवणार नाही," ते म्हणाले.

"पाय मोडलेलाच आहे तिचा, बाबा."

"मंजिरी!" गौतम म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. "आई, प्रॅक्टिकली विचार कर. भावना समजू शकतो. पण जबाबदारी कोणाची? तिच्या सासरचे लोक आहेत नागपूरले. उद्या काही कमी-जास्त झालं तं प्रश्न येईल. आपण असं करू, एखादी बाई ठेवून देऊ तिच्याच घरी. सगळे मिळून."

"दादा बरोबर म्हणून राहिला," नीलेश म्हणाला.

खोलीत सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नाताळपासूनचं हे पहिलं वाक्य, थेट, अनुश्रीला मध्ये न घेता. गौतमही क्षणभर गडबडला आणि मग म्हणाला, "पाहा. नीलेशलेही पटते." प्रीतिभोजनाचं पहिलं फळ हे असं, की एका म्हाताऱ्या आत्याला बाहेर ठेवण्यावर दोन भावांचं एकमत झालं.

मंजिरीला आत्याबाईंबद्दल खास काही वाटत नव्हतं. तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. पण नवरा आणि दीर एका बाजूला दिसले की आपण दुसऱ्या बाजूला असावं, एवढं तिला या घरात आल्यापासून कळलं होतं.

"आईंनी शंभर माणसांसमोर शब्द दिला आहे," ती म्हणाली.

"नाव माहीत नव्हतं तिले!" श्यामराव म्हणाले.

"प्रीती नाव विचारत नाही म्हणे."

प्रेमलाबाई इतका वेळ गप्प होत्या. सुनेनं आपली बाजू घेतली की टोमणा मारला याचा त्यांना नीट अंदाज येईना. दोन्ही असावं. त्या उठल्या, खालच्या खोलीचं दार उघडलं आणि आत उभ्या राहून म्हणाल्या, "कुसुम परवा पाहाले येणार. गोड चेहरा करून येणार, अन् खोली रिकामी दिसली तं शंकरनगरपासून भनपुरीपर्यंत सांगत सुटणार. मले चालणार नाही. नीलेश, तुझ्या ट्रकावरच्या पोट्ट्यांकडून खाट खाली आणव."

"प्रेमला," श्यामराव म्हणाले, "मी तिच्याशी बोलणार नाही."

"नका बोलू. तुम्हाले बोला म्हणून कोणी म्हटलं?"

अशा रीतीनं, नाक कापलं जाऊ नये म्हणून, उजागरेंच्या घरात ख्रिस्ती प्रीतीचा प्रवेश झाला.

*

इंदू आली ती दवाखान्याच्या गाडीतून. बारीक, पिकलेली, नाकात अजून मोती, हातात चार पायांची अ‍ॅल्युमिनियमची काठी. तिला एका बाजूनं पाळकसाहेबांनी धरलं होतं. गेटापाशी ती थांबली.

"वहिनी, हे गेट तेच का जुनं?"

"नाही. बदललं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"बरं केलं. जुनं उघडत नव्हतं."

पाळकसाहेब हसले. त्यांना वाटलं, गेटाचंच बोलणं चाललंय. निदान त्यांनी चेहरा तसा ठेवला.

पहिले दोन दिवस प्रेमलाबाईंना अवघड गेलं नाही, कारण पाहायला माणसं होती. संघाच्या बायका संत्री घेऊन येत. प्रेमलाबाई उशी सरकवत, चादर ओढत, आणि त्या ओढण्यात थोडी भाषणाची लय असे. कुसुमबाई येऊन गेल्या आणि खोलीत काहीच खोट सापडली नाही म्हणून हिरमुसल्या. मग बायका यायच्या थांबल्या. मंजिरी सकाळी शाळेत, अनुश्री कॉलेजात, गौतम मंत्रालयात. श्यामराव चहा झाला की देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात जाऊन बसत आणि जेवायला येत, तेही आपल्या खोलीत. उरल्या दोघी नणंद-भावजया आणि खाटेखालचं भांडं.

भांड्याचा उल्लेख प्रेमलाबाईंच्या भाषणात कधीच आला नव्हता. पहिल्या खेपेला त्या नाकाला रुमाल बांधून आल्या.

"वहिनी, रुमाल काढा," इंदू म्हणाली. "तुमच्याकडे पाहून माझाच जीव गुदमरून राहिला."

"तुले काय जाते बोलायले?"

"माझंच तं जाते सगळं," इंदू म्हणाली, आणि मग लाजेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. प्रेमलाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी रुमाल काढून खिडकीत ठेवला आणि काम केलं. नंतर बराच वेळ त्या मोरीत हात धूत राहिल्या.

इंदू गुणाची नव्हती. पोहे कोरडे, चहात साखर कमी, उशी टणक, पंखा कुरकुरतो. गीत गाताना प्रेमलाबाईंनी एक ओळ चुकवली तर ती खाटेवरून दुरुस्त करायची, आणि तिची ओळ बरोबर निघायची. संध्याकाळी तिनं नवऱ्याचा फोटो उशाला ठेवून त्याच्यापुढे छोटी पणती लावली.

"आमच्या घरात दिवे लावत नाहीत," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"लाइट जाते नं तुमच्याकडे, म्हणून लावला."

"लाइट आहे आत्ता."

"गेली तं कामात येईल."

मंजिरीनं हे वर जाऊन गौतमला सांगितलं आणि इतकी हसली की त्याला राग आला. "तुला कळतं का, बाबा एक शब्द बोलून नाही राहिले घरात," तो म्हणाला.

"आधी काय मोठी भाषणं करत होते?" मंजिरी म्हणाली. "भाषणं तं आई करायच्या. त्याही थांबल्या आहेत."

ते खरं होतं, आणि तिच्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रेमलाबाई आता दिवसभर बडबडत, पण ती बडबड औषधाच्या डोसाची, गरम पाण्याची, पाठीला लावायच्या तेलाची असायची. एकदा रविवारी उपासनेनंतर कुसुमबाईंनी त्यांना चारचौघींत गाठलं. "बाई, पुढच्या सभेत साक्ष द्या नं. अशी सेवा करताना आतून कसं वाटते, ते सांगा."

पूर्वी या प्रश्नावर प्रेमलाबाईंनी पाऊण तास काढला असता.

"कंबर दुखते," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा शोधायला निघाल्या, कारण इंदूच्या औषधाची वेळ झाली होती.

*

एके दिवशी प्रेमलाबाई पंडरीला कापड घ्यायला गेल्या होत्या. इंदूला पुढून उघडणारे गाऊन शिवायचे होते आणि घरातलं कापड तिच्या पसंतीला उतरत नव्हतं. श्यामराव नेमके घरी राहिले होते, कारण देवळाच्या आवाराला रंग देणं चाललं होतं आणि वासानं त्यांना खोकला यायचा. ते वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीत बसले होते. मध्ये एक भिंत होती.

"वहिनी!" पलीकडून हाक आली. थोड्या वेळानं, "मंजिरी! अनु!"

श्यामरावांनी पान उलटलं.

"कोणी आहे का घरात?"

आवाज बारीक झाला होता. मग काठीचे पाय फरशीवर घसरल्याचा आवाज आला, आणि खाट करकरली. ती आपणहून उठायला बघत होती. श्यामरावांनी सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. मागे काहीतरी बिघडत असल्याचा आवाज त्यांना आपोआप कळायचा, आणि तो आला की बसून राहणं त्यांच्या अंगात नव्हतं. ते उठले तेव्हा आपण कोणाकडे चाललोय याचा त्यांनी विचार केला नव्हता. तो दारात केला. पण तोवर उशीर झाला होता.

इंदू अर्धी उभी होती. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, चेहरा पांढरा.

"वहिनी कुठं?"

"पंडरीले."

"मंजिरी?"

"शाळेत."

"अनु?"

"कॉलेज."

इंदूनं डोळे मिटले. "मग तूच ये, दादा. लवकर."

त्यांनी तिला काखेत धरलं. तिचं वजन लहान पोरीएवढं होतं. दोघं तीन-चार पावलं गेली असतील, आणि मग घाई करण्यात अर्थ राहिला नाही. फरशीवर, पातळावर, श्यामरावांच्या चपलांवर सगळीकडे झालं. इंदू रडली नाही. तिनं डॉक्टरला शिव्या दिल्या, हाडाला दिल्या, आणि तात्यापाऱ्यातला जिना बांधणाऱ्या गवंड्याला दिल्या.

श्यामराव तिला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मंडळीत उभं राहून बोलायची सवय असलेल्या माणसाला ते शब्द घरातल्या आवाजात आणता येत नव्हते.

"इंदू, त्या वेळी मी जे..."

"दादा, तू माफी मागून राहिला का?"

"हव."

"आत्ता नको. मले कोरडं नेसू दे आधी. ओल्या पातळात कोणाले माफ करावं वाटत नाही."

त्यांनी तिला मोरीतल्या स्टुलावर बसवलं, तोंड फिरवून कोरडं पातळ दिलं, पाणी दिलं, टॉवेल दिला. ती सांगत गेली तसं करत गेले. तिला खाटेवर निजवून झाल्यावर त्यांनी फरशी पुसली, आणि मग धोतर खोचून, मोरीत उकिडवं बसून ते पातळ धुवायला घेतलं.

प्रेमलाबाई कापडाची पिशवी घेऊन आल्या तेव्हा त्यांना हे दिसलं. मंडळीचे सर्वांत जुने पंच फेसात कोपरापर्यंत बुडालेले होते आणि पातळ दगडावर आपटत होते. लग्न झाल्यापासून यजमानांनी स्वतःचा रुमालही धुतलेला प्रेमलाबाईंनी पाहिला नव्हता.

"इतका साबण?" त्या म्हणाल्या.

"निघत नव्हतं."

"द्या इकडे, मी..."

"राहू दे. होत आलं."

प्रेमलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी तीन कप चहा ठेवला. ही गोष्ट त्यांनी संघात कधीच सांगितली नाही. अशी सोन्यासारखी साक्ष त्यांच्या हाती आयुष्यात पुन्हा आली नसती, हे त्यांना नक्कीच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी श्यामराव इंदूच्या खोलीत खुर्ची घेऊन गेले.

"काल म्हणालीस, आत्ता नको. आज?"

"आज पाठ दुखून राहिली."

"मग उद्या येतो."

उद्या तिचं डोकं दुखत होतं. परवा तिला झोप आली होती. श्यामराव रोज जात, रोज विचारत, आणि ती रोज काहीतरी कारण काढायची. पण कारण सांगून झालं की ते उठत नसत आणि तीही जा म्हणत नसे. मग दोघं रेल्वे क्वार्टरमधल्या बाभळीबद्दल बोलत, आईच्या हातच्या चिखलवड्यांबद्दल, धाकट्या भावाबद्दल, जो तापानं गेला होता आणि ज्याचं नाव या घरात त्या दोघांशिवाय आता कोणाला माहीत नव्हतं. मंजिरी शाळेतून आली की दोघांचे आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत. बहुतेक वेळा ते भांडत असत.

"बाबांनी माफी मागितली म्हणे," गौतम एकदा म्हणाला. "मग तिनं केलं का माफ?"

"अजून फाइल पुढे सरकली नाही," मंजिरी म्हणाली.

*

डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली आणि इंदू त्याच संध्याकाळी पिशवी भरायला लागली.

"राहा अजून," प्रेमलाबाई म्हणाल्या. मग आपण फार प्रेमानं बोललो की काय असं वाटून त्यांनी जोडून दिलं, "गाऊनचं कापड उरलं आहे."

"नको वहिनी. अजून राहिली तं तुम्ही मले आवडायला लागाल. या वयात कुठं नवीन सवयी?"

प्रेमलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून इंदूच्या घड्या काढल्या आणि स्वतः पुन्हा नीट घालून भरल्या. चूक इंदूची होती, तिला घड्या घालता येत नव्हत्या.

गौतमनं मंत्रालयाची गाडी पाठवतो म्हणून सांगितलं होतं. ती कोणा साहेबाला लागली. ज्याची गाडी घरासमोर उभी राहते म्हणून भांडण व्हायचं, तो नीलेशच शेवटी आला. सोबत त्यानं वेताची मजबूत खुर्ची आणली होती. तात्यापाऱ्यात, त्या उभ्या जिन्यावर, परवानगी असली तरी धोका नको म्हणून त्यानं इंदूला खुर्चीत बसवून वर नेलं. खालून खुर्चीचे पाय श्यामरावांनी धरले होते. "बाबा, तुम्ही सोडा, मी करतो," असं तो पायरीगणिक म्हणत होता आणि श्यामराव सोडत नव्हते. वर पोचल्यावर नीलेश घाम पुसत म्हणाला, "आत्या, पुन्हा पडायचं असेल तं खालच्या मजल्यावर पड." आणि गाडी लावायला म्हणून खाली गेला.

श्यामराव पहिल्यांदा त्या घरात उभे होते. लहान घर, स्वच्छ, सोबतीला दोनेक महिन्यांची धूळ. भिंतीवर चारुदत्त महाडिकांचा मोठा फोटो, त्यावर सुकलेला हार. श्यामरावांना हात कुठं ठेवावे ते कळेना. त्यांनी ते मागं बांधले. मग ते खिडकीपाशी गेले आणि दिसली त्या आरामखुर्चीत टेकले.

"ती यांची खुर्ची," इंदू म्हणाली.

श्यामराव उठायला लागले.

"बस. बस आता." ती खाटेच्या कडेवर पाय सांभाळत बसली होती. "आमची एक पैज होती. यांचं म्हणणं, तुझा भाऊ एक दिवस हा जिना चढून येणार. मी म्हणायची, तुम्ही माझ्या भावाले ओळखत नाही. दर नाताळाले हे केक आणत आणि एक तुकडा तुझ्यासाठी झाकून ठेवत. दुसऱ्या दिवशी तो मी यांच्यासमोर खाऊन टाकायची. मुद्दाम, चवीनं. हे काही म्हणत नसत. पुढच्या नाताळाले पुन्हा तुकडा झाकून ठेवत."

श्यामराव फोटोकडे बघत होते. चष्म्यामागून त्यांना तो नीट दिसत नसावा.

"इतकी वर्षं मी जिंकत आली, दादा. आज हरली. अन् पाहाले हे नाहीत."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला आणि बंद केला.

"इंदू," श्यामराव म्हणाले, "आज तरी..."

"आज मले चहा पाहिजे," इंदू म्हणाली. "स्वयंपाकघर तिकडं आहे. मले उभं राहवत नाही, तूच ठेव."

मंडळीचे सर्वांत जुने पंच उठले आणि चारुदत्त महाडिकांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी गॅस पेटवला, पाणी ठेवलं, चहापत्ती शोधली. मग तिथून हाक आली.

"साखर कुठं आहे?"

"शोध," इंदू म्हणाली.

आतून एकेक डबा उघडल्याचे आणि झाकण लावल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठे आहे ते तिनं सांगितलं असतं तर लगेच सापडली असती. पण तिनं सांगितलं नाही. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून, ते आवाज ऐकत बसली.